सातबारा कुणाच्या नावावर?

ऑस्टिनमध्ये दिवाळीच्या आगेमागे फराळाच्या पार्सलाबरोबर आणखी एक पाकीट घरात येतं. ते म्हणजे घरपट्टीचं बिल. गेल्या वर्षी ते सासूबाईंच्या हाती लागलं. त्यांची उभी नोकरी तहसील कचेरीत गेलेली, त्यामुळे सरकारी कागद दिसला की चष्मा लावून शेवटपर्यंत वाचणारच. शाळा, शहर, काउंटी, कॉलेज आणि मग ‘ट्रॅव्हिस सेंट्रल हेल्थ’. “दवाखान्याची पट्टी वेगळी?” त्यांनी विचारलं. उत्तर द्यायला मला एका रुग्णालयाची गोष्ट सांगावी लागली.

१८८४ साली इथे गावासाठी रुग्णालय सुरू झालं. १९२९ मध्ये त्याला डॉ. ब्रॅकेनरिज यांचं नाव मिळालं. मालकी शहराची. ज्याच्याकडे विमा नाही, पैसा नाही, त्याचं हक्काचं दार हेच. पण तोटा वाढत गेला, आणि १९९५ मध्ये शहराने ते ‘सीटन’ला तीस वर्षांच्या भाडेकराराने चालवायला दिलं. सीटन ही ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या कॅथलिक भगिनीसंघाची ना-नफा संस्था. १९०२ पासून ऑस्टिनमध्ये रुग्णसेवा करणारी, अनुभवी. इमारत शहराची, कारभार संस्थेचा, आणि गरिबांच्या उपचारासाठी शहराचे पैसे, अशी ती व्यवस्था.

“म्हणजे कूळ लावलं,” सासूबाई म्हणाल्या. “कूळ चांगलं असेलही. पण पीक कोणतं घ्यायचं हे कुणी ठरवायचं?”

नेमका तिथेच पेच पडला. कॅथलिक रुग्णालयांत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया धर्मनियमांत बसत नाही. सुरुवातीला करारात वाट काढून ही सेवा चालू ठेवली होती. २००१ मध्ये अमेरिकेतल्या बिशपांनी नियम कडक केले आणि ती वाट बंद झाली.

ऐकायला ही गोष्ट छोटी वाटते. पण बाळंतपणाच्या वेळीच शस्त्रक्रिया झाली तर एकाच मुक्कामात काम होतं. नाही तर तान्हं बाळ घरी ठेवून पुन्हा दुसरं रुग्णालय शोधायचं. त्या काळी टेक्सासमध्ये गरोदरपणाचं मेडिकेड बाळंतपणानंतर दोन महिन्यांत संपायचं. विमा असलेली बाई दुसरीकडे जाऊ शकत होती. ब्रॅकेनरिजवर अवलंबून असलेल्या बाईला दुसरीकडे कुठे जाणार?

शहराने हात वर केले नाहीत. करार बदलून रुग्णालयाचा पाचवा मजला परत घेतला. २००४ मध्ये तिथे ‘ऑस्टिन विमेन्स हॉस्पिटल’ उघडलं. परवाना वेगळा, कारभार गॅल्व्हस्टनच्या सरकारी वैद्यकीय विद्यापीठाचा. एकाच इमारतीत दोन रुग्णालयं! खर्च झाला, धावपळ झाली. पण इमारत शहराच्या नावावर होती म्हणूनच हे जमलं.

त्याच वर्षी मतदारांनी काउंटीसाठी स्वतंत्र आरोग्य जिल्हा मंजूर केला. तोच आजचा सेंट्रल हेल्थ. ब्रॅकेनरिजची मालकी त्याच्याकडे गेली. २०१२ मध्ये मतदारांनी त्याचा करही वाढवून दिला. २०१७ मध्ये सीटनने विद्यापीठाच्या आवारात नवं रुग्णालय बांधलं आणि जुनं ब्रॅकेनरिज बंद झालं. आता इमारतही संस्थेची. त्यामुळे गरिबांच्या उपचाराचा सगळा भार करारातल्या शब्दांवर आला. २०२३ मध्ये त्या शब्दांवरूनच दोन्ही पक्ष कोर्टात गेले.

संस्थेला रुग्णालय चालवायला देणं चूक आहे, असं मला वाटत नाही. न दिलं असतं तर कदाचित ते बंदही पडलं असतं. पण चालवायला देता येतो तो कारभार, जबाबदारी नव्हे. कोणती सेवा कधीच बंद होणार नाही, पैशांचा हिशेब कुणाला दाखवायचा, कूळ बदललं तर रुग्णांचं काय, हे सगळं आधी कागदावर यायला हवं. आपल्याकडेही महापालिकांची रुग्णालयं संस्थांना देण्याच्या बातम्या येतात, तेव्हा मी हेच शोधते.

आपल्यापैकी अनेकांना इथे मत नाही. घरपट्टी मात्र आहे. सेंट्रल हेल्थच्या बैठका सर्वांना खुल्या असतात, आणि तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही. मी एकदा जाऊन आले. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या.

सासूबाई परत गेल्या, पण बिलाच्या दिवसांत फोनवर आठवण करतात, “पट्टी भरलीस ना? मग आता सातबाराही बघ.”