केसाला केस जोडताना

अर्धस्थायी हेअर एक्स्टेन्शन म्हणजे स्वतःच्या केसांना, मुळापासून थोडे अंतर सोडून, पक्का जोड देऊन बसवलेले दुसरे केस. समारंभापुरते वेणीत गुंफायचे आणि रात्री काढून ठेवायचे गंगावन किंवा चिमट्याने अडकवायचे क्लिप-इन यांच्यापेक्षा ते वेगळे ठरतात ते मुक्कामामुळे. हे केस दीड ते चार महिने डोक्यावरच राहतात. आंघोळ, झोप, घाम, हेल्मेट सगळे त्यांच्यासकट होते. त्यापुढे मात्र त्यांना ठेवता येत नाही. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि जोडही त्याच्याबरोबर टाळूपासून दूर सरकत जातो. दोन-तीन सेंटिमीटर खाली आलेला जोड नजरेत भरतो, वरच्या मोकळ्या भागात केसांचा गुंता होतो आणि मुळांवर वेडावाकडा ताण येऊ लागतो. म्हणून प्रत्येक पद्धतीला ठरलेली मुदत असते, आणि ती संपल्यावर केस काढावे किंवा वर सरकवून पुन्हा बसवावे लागतात.

एक्स्टेन्शन घेणारी व्यक्ती लांबी आणि रंग यांचा विचार आधी करते. खरा प्रश्न जोडाचा असतो. नवे केस कितीही सुंदर असले तरी त्यांचे सगळे वजन जुन्या केसांच्या मुळांनी पेलायचे असते, आणि ती मुळे किती भार घेऊ शकतात यावरून पद्धत ठरायला हवी.

टेप-इनमध्ये केसांची पातळ पट्टी असते आणि तिच्या वरच्या कडेला दुहेरी चिकटपट्टी. स्वतःच्या केसांची पातळ बट दोन पट्ट्यांच्या मध्ये घेऊन दाबून बसवतात. उष्णता लागत नाही, आणि सराव असलेला हात तास-दीड तासात पूर्ण डोके आवरतो. साधारण ४० पट्ट्या लागतात. भार रुंद बटेवर वाटला जात असल्याने बारीक, विरळसर केसांना ही पद्धत सोसते. मुदत ६ ते ८ आठवडे. तिचे वैर तेलाशी आणि घामाशी आहे. ज्यांची टाळू मुळातच तेलकट आहे त्यांच्या पट्ट्या मुदतीआधीच सुटू लागतात, मग त्या कितीही महागाच्या असोत.

केराटिन बॉन्डमध्ये केसांच्या बारीक पुंजक्याच्या टोकाला केराटिनयुक्त डिंक असतो. तो गरम चिमट्याने मऊ करून स्वतःच्या तेवढ्याच केसांभोवती बोटांनी वळतात, थंड झाला की तांदळाच्या दाण्याएवढा घट्ट जोड तयार होतो. पूर्ण डोक्याला असे शंभर ते दीडशे पुंजके, म्हणजे तीन-चार तासांची बैठक. प्रत्येक पुंजका सुटा हलतो, त्यामुळे केस उंच बांधता येतात, अंबाडाही घालता येतो. मुदत तीन-चार महिने, म्हणजे सर्वांत लांब. पण पुंजक्यात घेतलेले स्वतःचे केस कमी आणि जोडलेले जास्त झाले, तर ती मूठभर मुळे तेवढे महिने जादा ओझे वाहतात. या पद्धतीत बसवणाऱ्याच्या हातावर फार काही अवलंबून असते.

मायक्रो-रिंगमध्ये डिंकही नाही आणि उष्णताही नाही. सिलिकॉनचे अस्तर असलेल्या बारीक धातूच्या कडीत दोन्ही केस ओवून ती पकडीने चपटी करतात. तेलाचे सर्वांत कमी भय या पद्धतीला. मात्र फार गुळगुळीत केसांवरून कडी घसरते, फार नाजूक केस कडीच्या धारेला तुटतात, आणि एमआरआय तपासणीची वेळ आली तर कड्या आधी उतरवाव्या लागतात. निकेलची ॲलर्जी असेल तर कडी कोणत्या धातूची आहे हे विचारून घ्यावे.

चौथी पद्धत शिवणीची. डोक्याला लागून घट्ट बारीक वेण्या घालायच्या आणि त्यांवर केसांची सलग झालर, म्हणजे वेफ्ट, सुईदोऱ्याने शिवायची. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात ती रुजली. क्रिस्टिना जेंकिन्स या केशतज्ज्ञ महिलेला केस विणून बसवण्याच्या तंत्राचे पेटंट १९५२ मध्ये मिळाले. दाट, राठ केसांना ती उत्तम. सरळ आणि बारीक केसांच्या वेण्या सैल पडतात, म्हणून अशा डोक्यावर आता वेण्यांऐवजी कड्यांची रांग लावून तिला झालर शिवतात.

यांतली कोणती चांगली, असे सलूनमध्ये विचारले तर बहुधा तिथल्या कारागिराला येणारी पद्धत चांगली ठरते. त्यापेक्षा किती जणांना बसवली, त्यांतल्या कितींची तिथेच काढली, हे विचारणे उपयोगाचे. काढण्याचा अनुभव नसलेल्या हाती बसवण्याचे काम देऊ नये.

आता केसांबद्दल. कृत्रिम धाग्याचे केस स्वस्त असतात, पण बहुतेकांना इस्त्री, कर्लर सोसत नाही आणि महिनाभरात ते खरखरीत होतात. अर्धस्थायी कामाला मानवी केसच घ्यावेत. मानवी केसाच्या पृष्ठभागावर घरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म पापुद्रे असतात, आणि त्यांची उघडी कड नेहमी टोकाकडे असते. सगळ्या केसांची मुळे एका बाजूला आणि टोके दुसऱ्या बाजूला असली तर पापुद्रे एकमेकांत अडकत नाहीत. बाजारात ‘रेमी’ म्हणतात ते असे केस. काही मुळाकडून, काही टोकाकडून असे मिसळलेले केस एकमेकांना धरतात आणि दोन-चार धुण्यांत त्यांची जट होते.

दोन्ही प्रकारच्या केसांचा मोठा पुरवठा भारतातूनच होतो. तिरुमला येथे भाविक नवस फेडताना कल्याणकट्ट्यावर मुंडण करतात. ते केस लांबीनुसार वेगळे करून तिरुमला तिरुपती देवस्थान लिलावाने विकते. एका डोक्यावरचे केस एकत्र राहिले तर मुळे-टोके जुळलेली राहतात, म्हणून लांब मंदिरी केसांना मोल. दुसरा स्रोत घरोघरच्या फणीत निघणारा गुंतवळ. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ‘केसांवर फुगे’, ‘केसांवर भांडी’ अशी हाळी देत फिरणारे फेरीवाले तो गोळा करतात. पुढे कर्नाटकात कोप्पळजवळचे भाग्यनगर, पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबाद अशा ठिकाणी हजारो हात तो सोडवतात, विंचरतात आणि लांबीप्रमाणे लावतात. कच्चे केस परस्पर बाहेर जाऊन इथल्या कारागिरांचे काम बुडते अशी तक्रार होऊ लागल्यावर केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये कच्च्या मानवी केसांची निर्यात निर्बंधित यादीत टाकली.

गुंतवळाच्या केसांत मुळे-टोके मिसळलेली असतात. ती पुन्हा जुळवणे वेळखाऊ, म्हणून स्वस्त मालात आम्लाच्या द्रावणात पापुद्रेच काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा लेप देतात. असा माल दुकानात रेमीपेक्षा जास्त चमकतो, हीच त्याची खूण. काही धुण्यांनंतर लेप उतरतो आणि आतला उघडा, कोरडा केस हाती येतो. वेष्टनावरच्या ‘शंभर टक्के रेमी’ या छापाला फारसा अर्थ नसतो; तो कोणीही छापू शकतो. त्यापेक्षा नमुन्याची एक बट मागून घ्यावी. मुळाकडून टोकाकडे बोटे फिरवली तर ती सरसर जातात आणि उलट फिरवली तर किंचित अडतात, असे जाणवले तर पापुद्रे शाबूत आहेत. दोन्हीकडून सारखीच काचेसारखी गुळगुळीत लागली तर लेपाचा संशय घ्यावा. ती बट शाम्पूने पाच-सहा वेळा धुऊन, वाऱ्यावर सुकवून पाहिली की उरलेली शंका फिटते. एखादा केस जाळला तर मानवी केसाची चुरगळणारी राख होते, कृत्रिम धाग्याचा कडक मणी.

‘डबल ड्रॉन’ म्हणजे आखूड केस काढून टाकून टोकापर्यंत सारखी जाडी ठेवलेला माल. तो महाग असतो. भारतीय डोक्यावरचे नैसर्गिक केस टोकाकडे विरळच होतात, त्यामुळे साधा ‘सिंगल ड्रॉन’ बहुतेकींना अधिक खरा दिसतो. रंग जुळवताना मुळांशी न जुळवता केसांच्या मधल्या भागाशी आणि टोकांशी, दिवसाच्या उजेडात जुळवावा. भारतीय केस काळेभोर वाटले तरी बहुधा रंगपट्टीतल्या ‘वन-बी’ या मऊ काळ्या किंवा गडद तपकिरी छटेचे असतात. त्यावर ‘वन’ क्रमांकाचा निळसर काळा रंग ओरडून दिसतो. लांबी इंचांत मोजतात. खांद्यापर्यंतच्या केसांना १८ इंचांपर्यंतची भर शोभते आणि झेपतेही. पूर्ण डोक्याला १०० ते १५० ग्रॅम केस लागतात. तेवढ्याच वजनात लांबी वाढवली तर टोके शेपटीसारखी उतरतात, आणि टोके भरायची म्हणून वजन वाढवले तर भार मुळांवर येतो.

तो भार किती घातक ठरू शकतो हे वैद्यकाला शतकाहून अधिक काळ माहीत आहे. केस सतत ताणून बांधणाऱ्या ग्रीनलंडमधील स्त्रियांच्या कपाळाकडचे केस मागे हटल्याची नोंद १९०७ मध्ये झाली. आज याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. सुरुवातीला ताण काढला की केस परत येतात. वर्षानुवर्षे ताण राहिला तर मुळांच्या जागी व्रण होतो आणि तिथे पुन्हा केस उगवत नाहीत. कानशिले आणि कपाळाची कड आधी विरळ होते, म्हणून त्या रेषेपासून दोन बोटांच्या अंतरात जोड देऊ नये. बसवल्यावर पहिला एखादा दिवस ओढल्यासारखे वाटते. त्यानंतरही उशीवर डोके टेकवले की दुखत असेल, मुळाशी लाल पुटकुळ्या येत असतील, तर तो भाग काढून टाकावा. ‘वेदनाशामक घ्या, सवय होईल’ हा सल्ला देणाऱ्याकडे परत जाऊ नये.

बाळंतपणानंतर, डेंग्यू-टायफॉइडसारख्या तापानंतर किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरपूर गळतात. नेमक्या त्याच वेळी एक्स्टेन्शनची इच्छा प्रबळ होते, आणि नेमक्या त्याच वेळी ते लावायचे नसतात. चाई, सोरायसिस, टाळूचा बुरशीसंसर्ग असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. डिंकाची ॲलर्जी तपासण्यासाठी एक-दोन पट्ट्या किंवा पुंजके लावून दोन दिवस थांबणे सोपे आहे. शिवणीऐवजी झालर चिकटवण्याच्या काही गोंदांत लॅटेक्स असते, हे लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनी लक्षात ठेवावे.

निगेचे सगळे नियम दोन गोष्टींतून निघतात. जोड टिकवायचा आहे, आणि जोडाखालच्या केसाला टाळूतून येणारे तेल कधीच मिळणार नाही. त्यामुळे मुळे कोरडी-स्वच्छ आणि लांबी मात्र मऊ ठेवायची, अशी दुहेरी कसरत असते. डिंक आणि टेप बसवल्यावर पहिले दोन दिवस केस भिजवू नयेत. पुढे आठवड्यातून दोन-तीनदा, सल्फेट नसलेल्या शाम्पूने, उभ्याने, वरून खाली धुवावेत; बादलीवर ओणवे होऊन केस चोळले की हमखास गुंता होतो. कंडिशनर जोडाच्या चार बोटे खालून लावावा. टेप आणि केराटिन असेल तर मुळाशी तेल लावून चंपी करणे बंद, हे मराठी घरात सर्वांत अवघड पडते. रविवारच्या तेलाशिवाय जमत नसेल तर मायक्रो-रिंग घ्यावी, किंवा टोकांना दोन थेंब तेलावर समाधान मानावे. बोअरवेलचे जड पाणी असलेल्या भागात क्षार साचून लांबी राठ होते; शेवटचे पाणी तरी गाळलेले किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसचे घ्यावे.

भिजलेला केस कमकुवत असतो आणि भिजलेला जोड मऊ. म्हणून मुळे आधी वाळवावीत आणि मगच विंचरावे: जोड एका हाताने धरून, टोकापासून सुरुवात करून, हळूहळू वर. जोडांत न अडकणारा, वळलेल्या दातांचा लूप ब्रश यासाठी मिळतो. रोज बोटांनी जोड एकमेकांपासून सुटे करावेत. शेजारचे दोन जोड एकमेकांत गुंतले की पुढे कात्रीच चालवावी लागते. झोपताना सैल वेणी, आणि ओल्या केसांनी कधीही झोपू नये. उपकरणांची उष्णता १८० अंश सेल्सिअसच्या आत असावी आणि जोडाला लागू नये. दुचाकीवर हेल्मेटखाली पातळ साटिनचा रुमाल बांधला तर घर्षण कमी होते. पोहताना केस आधी साध्या पाण्याने भिजवून टोपी घालावी.

हलक्या रंगाच्या एक्स्टेन्शनवर डाग फार लवकर चढतात. लग्नातली हळद, रंगपंचमीचे रंग हे उघड शत्रू. न कळणारा शत्रू म्हणजे सनस्क्रीन: त्यातील ॲव्होबेन्झोनचा पाण्यातल्या लोहाशी संयोग झाला की सोनेरी केसांवर नारिंगी-गुलाबी झाक येते. लग्नासाठी केस बसवायचे असतील तर हळदीच्या वेळी ते घट्ट बांधून झाकावेत, आणि बसवण्याची तारीख आठ-दहा दिवस आधीची ठेवावी, म्हणजे सवय होते आणि एखादा जोड सुटला तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

काढण्याचे काम घरी करू नये. टेपला अल्कोहोलचे द्रावण लावून तो सैल करतात, केराटिनचा दाणा द्रावणाने ठिसूळ करून पकडीने चुरतात, कडी दाबून पुन्हा गोल करतात. यांपैकी काहीच ओढून काढायचे नसते. काढल्यावर हातात केसांचा मोठा पुंजका येतो आणि अनेकींच्या पोटात गोळा येतो. डोक्यावरून रोज ५० ते १०० केस नैसर्गिकपणे गळतात; जोडात अडकलेले असे केस खाली न पडता तिथेच साचलेले असतात. त्यांच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसला तर ते मुळासकट, आपल्या वेळेने गळलेले केस. ठिपका नसलेले, मध्येच तुटलेले केस बरेच दिसले तर मात्र बसवण्यात किंवा निगेत चूक आहे, आणि लगेच पुन्हा बसवू नयेत. टेप आणि कडीचे चांगले रेमी केस दोन-तीनदा वापरता येतात, फक्त पट्टी नवी लावावी लागते. केराटिनच्या केसांना पुन्हा डिंकाची टोके लावणे शक्य असते, पण त्याचा खर्च आणि घटलेली लांबी पाहता बहुतेक जणी नवेच घेतात.