पीयूसी पास, पण हिशेब बाकी!

गुंजन चौकात सिग्नल लाल झाला की तुम्ही इंजिन बंद करता की तसंच घुरघुरत ठेवता? दोस्तांनो, वर 'आपली गाडी पीयूसी पास आहे' असंही आपण बिनधास्त सांगतो. पण पेट्रोलवरच्या दुचाकीची पीयूसी करताना धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन किती आहेत, एवढंच बघतात. पृथ्वी तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला तिथे मर्यादाच नाही. गाडी कितीही टकाटक ठेवा, पेट्रोल जळलं की तो निघणारच.

किती? एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. ते जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोचे सव्वादोन किलो कसे झाले? पेट्रोलमधला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, म्हणून वजन वाढतं. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला कार्बन आपण असा काही मिनिटांत हवेत सोडतो.

आता तुमचा हिशेब. येरवड्याहून कॉलेजला जाऊन-येऊन २० किलोमीटर आणि गाडीचं ॲव्हरेज ५० धरा. वर्षातले २५० दिवस गेलात, तर पेट्रोल १०० लिटर आणि कार्बन डायऑक्साइड २३० किलो. हे झालं एका गाडीचं. कॉलेजचं पार्किंग आठवून बघा!

मग पर्याय? ऑगस्ट २०२४ पासून येरवडा मेट्रो स्टेशन सुरू झालंय. तिथून पुणे स्टेशन, डेक्कन किंवा गरवारे कॉलेज, गाडी बदलायची गरज नाही.

'मेट्रोची वीज तरी कुठे स्वच्छ?' असं कुणीतरी म्हणेलच. मुद्दा खरा आहे. महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशावर होते. २,९२० मेगावॉटचं चंद्रपूरचं वीजकेंद्र कोळशावरच चालतं आणि तिथला धूर, राख तिथल्या लोकांच्या वाट्याला येते. पण मेट्रोच्या एका फेरीत शेकडो जण जातात, त्यामुळे माणशी वीज कमी लागते. म्हणूनच ई-स्कूटर घेऊन एकट्याने फिरण्यापेक्षा भरलेली मेट्रो किंवा पीएमपी बरी.

गाडी विकून टाका, असं कुणी म्हणत नाहीये. आठवड्यातले दोन दिवस ती घरी ठेवलीत, तरी वर्षाला ४० लिटर पेट्रोल आणि ९२ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. पेट्रोलच्या पैशांतून मेट्रोचं तिकीट वजा करून हातात काय उरतं, तेही एकदा मांडून बघा. आणि उरलेले तीन दिवस? निदान गुंजन चौकात इंजिन बंद!