आठवा धडा श्रावणात

आमच्या धाराशिव जिल्ह्यात शाळा आणि मृग एकाच पंधरवड्यात येतात. जीवशास्त्र शिकवणाऱ्याला याहून मोठी सवलत कोणती हवी? तरी दर जूनमध्ये वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात आम्ही पुस्तकाची अनुक्रमणिका उतरवून काढतो आणि पावसाकडे पाठ करून बसतो. मी हा तक्ता कायम उलटापालटा भरत आलो. त्यावरून तपासणीला आलेल्या साहेबांशी आणि स्टाफरूममधल्या सोबत्यांशी झालेले वाद अजून मिटलेले नाहीत, आणि या लेखानेही मिटणार नाहीत.

मागचा इतिहास थोडक्यात उरकतो. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा, त्यामुळे हायस्कुलातलं विज्ञान उर्दूतून. मग मराठी आली. 1975 साली दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली, अकरावीची मॅट्रिक गेली, पुस्तकं बदलत राहिली. दहावीचं पुस्तक 2018 साली बदललं. विज्ञानाचे दोन भाग, लेखीला प्रत्येकी 40 गुण, प्रात्यक्षिकाला 20, आणि जीवशास्त्र बहुतेक सगळं दुसऱ्या भागात.

आता मुद्द्यावर येतो. नववीला ‘उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव’ हा धडा आठवा. क्रमाने चाललं की तो दिवाळीच्या आगेमागे येतो. तोवर सोयाबीन काढून, मळून आडतीवर गेलेलं असतं आणि रायझोबियमच्या गाठी खडूने फळ्यावर काढाव्या लागतात. ज्या जिल्ह्यात खरिपाला नजर पोचेल तिथवर सोयाबीन असतं, तिथे ही वेळ यावी?

हाच धडा श्रावणात घ्या. पेरणीला महिना-सव्वा महिना झालेला असतो. रोप उपटायचं नाही, नाहीतर गाठी मातीतच राहतात. खुरप्याने मातीसकट उचलायचं आणि मुळं बादलीत हलक्या हाताने खंगाळायची. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या गाठी दिसतात. एक गाठ ब्लेडने चिरली की आत गुलाबी-लाल रंग. तो लेगहिमोग्लोबिनचा. हवेतला नायट्रोजन बांधणारं विकर ऑक्सिजनपुढे निकामी होतं, म्हणून हे द्रव्य गाठीतला ऑक्सिजन आवरून धरतं. आत हिरवट-करडं निघालं तर त्या गाठीचं काम थांबलंय असं समजायचं. एवढं बघितल्यावर पोरं आपणहून विचारतात, ‘सर, गाठी हायेत तर मग वरून युरिया कशाला टाकत्यात?’ कोणत्याही अपेक्षित प्रश्नसंचात नसलेला हा प्रश्न वर्षभराची मजुरी वसूल करून देतो.

दहावीच्या प्राणी वर्गीकरणाचंही तेच. भाग दोनमधला सहावा धडा. तो हिवाळ्यात येतो, तेव्हा मैदानावर काहीच नसतं. जूनमध्ये मात्र मृगाचा लाल मखमली किडा हातावर घेऊन पाय मोजता येतात. आठ भरतात, म्हणजे नाव किडा असलं तरी हा कीटक नव्हे, कोळी-विंचवाच्या गोतातला. वाणी, गांडूळ, गोगलगाय, सगळे संघ शाळेच्या कुंपणाशी हजर असतात. 2022 च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी आपल्याकडे, लातुरात आणि बीडला सोयाबीनचे कोंब फस्त केले, तेव्हा मृदुकाय संघ मुलांच्या बापांनी रात्री बॅटरी लावून वेचला. कंटकचर्मींना समुद्र लागतो. ते खुशाल पाठ करून घ्यावेत.

आनुवंशिकतेला माझा आग्रह उस्मानाबादी शेळीचा. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं राहिलं. बहुतेक काळी, आणि जुळ्या करडांसाठी नावाजलेली. घरच्या शेळीच्या तीन पिढ्यांचा रंग, कान, शिंगं आणि वेताला किती करडं, हे मुलांनी आजीला विचारून वहीत मांडावं. काही उत्साही मंडळी लगेच जुळ्यांवर मेंडेलची चौकट बसवायला धावतात, तिथे माझं भांडण आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ मेंढीतलं जुळ्यांचं एकच जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ घडवली, ते खरं. शेळीचं गणित इतकं सरळ नाही. त्यात अनेक जनुकं आणि चारापाणीही येतं. वाटाण्याचं प्रमाण सगळीकडे लागू पडत नाही, हे कळणं म्हणजेच आनुवंशिकता कळणं.

बाकीचे धडे भराभर घेतले तरी चालतात. एक मात्र सांगतो. एनसीईआरटीने 2023 मध्ये दहावीतून उत्क्रांती वगळली. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात मात्र ती पहिल्याच धड्यात आहे. ज्यांना तो धडा ‘स्वतः वाचा’ म्हणून सोडायची सवय आहे, त्यांनी निदान याची चाड ठेवावी.

यातलं काहीच माझं एकट्याचं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 पासून मुलं शेतात आणि ओढ्यावर विज्ञान शिकत होती. सरकारने 2002 साली तो कार्यक्रम बंद केला. त्याच्या बातम्या वाचून आम्ही चार मास्तर इकडे शहाणे झालो. येडशी-रामलिंगच्या झाडीत सहल नेली की पालकही भाकरी बांधून सोबत यायचे.

आज प्रयोगशाळेला कुलूप असतं, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी चढलेली असते. सूक्ष्मजीव बघायला तेवढी एक सोय राहिली म्हणायची. प्रयोगवहीतल्या आकृत्या एकमेकांच्या वहीवरून उतरतात. विज्ञानाच्या शिक्षकाकडे गणित असतं, वर मतदारयाद्या. हुशार मुलं दहावी होताच नीटसाठी लातूर गाठतात आणि तिथे पर्यायांना गोल करायला शिकतात. त्यांना दोष देत नाही. त्यांना मूळ उचलून दाखवायचं काम आमचं होतं.

पैसा नाही, साहित्य नाही, या सबबी मला मान्य आहेत. पण धड्यांचा क्रम बदलायला दमडी लागत नाही. बोर्ड मार्चमध्ये उत्तरं विचारतं. आठवा धडा कुठल्या महिन्यात शिकवला, ते विचारत नाही. तेव्हा मास्तरांनो, येत्या जूनचा तक्ता भरताना पुस्तकाबरोबर पंचांगही जवळ घेऊन बसा.