बंदीच्या दिवसांत बोटीबरोबर आपलीही तपासणी होऊ दे



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. ट्रॉलर जेटीला लागलेत, जाळी सांधणं आणि इंजिनाची कामं चालू आहेत. एरवी या दिवसांत आम्ही परवाने आणि डिझेलच्या सबसिडीवर लिहितो. आज पुरुषांच्या लैंगिक आरोग्यावर लिहितो आहोत. जेटीवर यावर विनोद पुष्कळ होतात, सरळ बोलत मात्र कुणी नाही.

हात कापला तरी चिंधी गुंडाळून जाळं ओढतो तो खरा गडी, असं आपण लहानपणापासून ऐकलं. दर्यावर हा स्वभाव कामाला येतो, घरी तोच नडतो. ताठरता येत नाही, इच्छा उरली नाही, लघवीला जळजळ होते, यातलं काहीही झालं तरी गडी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर लोक आपल्याला मर्द म्हणणार नाहीत, ही भीती.

आता एक आकडा बघा. आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांत एकाला साखर. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की नसा आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. ताठरता येते ती लिंगात रक्त भरल्यानं, त्यामुळे त्रास तिथंही होतो. तंबाखू आणि रोजची दारू त्यात भर घालतात. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून पुष्कळांना त्रास आधी इथं जाणवतो आणि हृदयाचं दुखणं मागून कळतं. मर्दानगी गेली समजून जो गप्प बसतो, त्याच्या शरीरानं खरं म्हणजे साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घे असं सांगितलेलं असतं.

गप्प बसलेला माणूस मग बाजारातली ‘ताकदीची’ पुडी घेतो, नाहीतर चिठ्ठीशिवाय गोळी. सिल्डेनाफिल हे चांगलं औषध आहे, पण डॉक्टरनं तपासून दिलं तर. छातीच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी जो घेतो, त्यानं हे घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. बोट किनाऱ्यापासून लांब असताना असं झालं तर डॉक्टर कुठून आणणार?

घरात काय होतं तेही बघा. नवरा उशिरा येतो, पाठ करून झोपतो, दारू वाढते, लहान गोष्टीवरून भांडण होतं. दिवसभर मार्केटात मासळी विकून दमून आलेल्या बायकोला कारण ठाऊक नसतं. याचं बाहेर कुठं तरी आहे, नाहीतर मी नकोशी झाले, असं तिला वाटत राहतं. दोन शब्द बोलले असते तर हा संशय आलाच नसता. मूल होत नसेल तरी डॉक्टरकडे पाठवतात ते तिलाच. जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं. वीर्याची तपासणी साधी असते, ती आधी करून घ्यावी.

जळजळ, फोड किंवा पू असेल तर एकट्यानं औषध घेऊन भागत नाही. बायकोला लागण झालेली असूनही पुष्कळदा लक्षणं दिसत नाहीत. डॉक्टर सांगतील तसे दोघांनीही उपचार घ्यावेत, नाहीतर लागण एकमेकांकडून पुन्हा होते. उपचार पुरे होईपर्यंत संबंध टाळावा. बाहेर संबंध येत असेल तर निरोध हवाच.

बोटमालकांसाठी एक गोष्ट. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्यानुसार खलाशाला कामावर घेताना एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही. त्याच्या संमतीशिवाय त्याचा आजार दुसऱ्याला सांगताही येत नाही. आपल्या बोटींवरचे पुष्कळ खलाशी परराज्यातले, घरापासून महिनोन्महिने लांब राहणारे. नोकरी जाईल या भीतीनं त्यांनी आजार लपवला तर नुकसान सगळ्यांचंच आहे.

बंदी उठायच्या आत एवढं करा. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानं जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, आणि तिथंच डॉक्टरला हा त्रासही सांगावा. डॉक्टरला त्यात नवल नसतं, रोज असे पेशंट येतात. पुढचे उपचार लागले तर बांबोळीला गोमेकॉत सोय आहे. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते आणि गुप्त राहते. माहितीसाठी १०९७ या नंबरवर फोन करा, पैसे पडत नाहीत.

तांडेलांना आणि मालकांना विनंती, एखादा गडी लाजत लाजत काही सांगायला आला तर हसू नका. त्याला आरोग्य केंद्रात घेऊन जा. आणि भावांनो, डॉक्टरकडे जायच्या आधी घरी बायकोला सांगा.

– सचिव, सोसायटीतर्फे