घरच्या साच्यातले लढाऊ विमान



पोळा जवळ आला की आपल्या घराघरांत मुले मातीचे बैल करायला बसतात. काळी माती भिजवायची, मळायची, चार पाय लावायचे, शिंगे काढायची. एखादा मुलगा घाईत वशिंड करायचे विसरला, तर आजी लगेच म्हणते, "अरे, हा आपला बैल नव्हे, कुठली तरी परदेशी गाय केलीस तू!" लाल कंधारी असो की देवणी, वशिंड नाही, गळ्याखाली पोळी नाही, तर त्या बैलाला पूजेच्या पाटावर जागा नाही. वस्तू लहान असली तरी तिचे रूप खरे हवे, हे आपल्याला कोणी शाळेत शिकवलेले नाही. ते आपण पोळ्यातच शिकलो.

आज ज्या छंदाची माहिती द्यायची आहे, त्याचे मूळ याच गोष्टीत आहे. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानाची हुबेहूब लहान प्रतिकृती करायची आणि खोक्यातले भाग आपल्या विमानाशी जुळत नसतील, तर बदलाचे भाग घरीच साच्यात ओतून काढायचे, असा हा छंद आहे. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडकडच्या वाचकांना वाटेल, आपल्याकडे विमान फक्त आभाळात दिसते, आपल्याला काय करायचे? पण थोडे पुढे वाचा. यातले बरेचसे काम तुमच्या हाताला आधीपासून येते.

खोक्यातले विमान आणि आपले विमान

आपल्या हवाई दलात नॅट नावाचे एक चिमुकले लढाऊ विमान होते. फॉलंड या इंग्रज कंपनीचे हे विमान १९५५ साली प्रथम उडाले. भारताने १९५६ साली ते बनवण्याचा परवाना घेतला आणि बंगलोरच्या हिंदुस्थान कारखान्यात ते तयार होऊ लागले. लांबी ८.७४ मीटर, म्हणजे ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरच्या आसपास. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत हे विमान आपल्यापेक्षा मोठ्या सेबरजेट विमानांशी भिडले आणि त्याला 'सेबर स्लेयर', म्हणजे सेबरचा कर्दनकाळ, असे नाव पडले.

१४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर शत्रूची सहा सेबर विमाने चालून आली. बाँब पडत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी आपले नॅट आकाशात नेले आणि ते एवढ्या विमानांशी झुंजले. त्या लढतीत त्यांना वीरमरण आले. लुधियाना जिल्ह्यातल्या इसेवाल या खेड्याचे ते सुपुत्र. हवाई दलातले परमवीर चक्राचे ते एकमेव मानकरी आहेत.

आता एखाद्या मुलाने ठरवले, की सेखों यांचे विमान करून शाळेत ठेवायचे. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीचा नॅटचा संच अनेक वर्षांपासून प्रसिद्ध आहे. पण त्या खोक्यात विमान निघते ते 'टी-१' जातीचे, म्हणजे शिकाऊ वैमानिकांचे दोन आसनी नॅट. इंग्लंडच्या रेड ॲरोज या कसरतपथकाने १९६५ पासून १९७९ पर्यंत हेच विमान वापरले. आपले लढाऊ नॅट एक आसनी होते. दोन आसनी विमानाला आपला तिरंगी गोल रंगवला, म्हणून ते सेखों यांचे विमान होत नाही. तो वशिंड नसलेला बैल झाला!

७२ चा भागाकार

दोन्ही विमानांत फरक किती, ते आकड्यांतून पाहू. अशा प्रतिकृती बहुधा एकास बहात्तर या प्रमाणात असतात. खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर म्हणजे प्रतिकृतीतला १ सेंटिमीटर. लढाऊ नॅटची लांबी ८.७४ मीटर, भागिले ७२, म्हणजे सुमारे १२१ मिलिमीटर. शिकाऊ नॅट ९.६८ मीटर, म्हणजे १३४ मिलिमीटर. तेरा मिलिमीटरचा फरक! पंखांचा पसारा लढाऊ विमानाचा सुमारे ६.७५ मीटर, म्हणजे ९४ मिलिमीटर, शिकाऊचा ७.३२ मीटर, म्हणजे १०२ मिलिमीटर.

कोणी म्हणेल, दोन्ही टोकांकडून चार-चार मिलिमीटर कापले की झाले. तसे होत नाही. शिकाऊ विमानाच्या पंखांची रुंदीही जास्त आहे आणि शेपटीही मोठी आहे. शिवाय लढाऊ विमानाच्या दोन्ही बाजूंना, हवा आत घेणाऱ्या तोंडांपाशी, ३० मिलिमीटरची एकेक तोफ होती. शिकाऊ विमानाला तोफा नाहीत. म्हणून नवे नाक, नवे पंख, नवी शेपटी आणि तोफांसह नवी तोंडे एवढे भाग करावे लागतात. या भागांच्या जुडीला छंदिष्ट लोक 'बदल-संच' म्हणतात.

एकास बहात्तर या मापामागे एक गमतीचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने शाळेतल्या मुलांना याच मापाची पाच लाख लाकडी विमाने करायला सांगितली होती. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावे म्हणून ती हवी होती. मुलाने नाक वेडेवाकडे कोरले, तर आघाडीवरचा सैनिक फसला असता. तेव्हा बरोबर माप ही काही नुसती हौस नव्हती.

साचा कसा करायचा

गुऱ्हाळावर काहिलीतला पाक साच्यात ओतला की त्याची ढेप होते. साचा गोल तर ढेप गोल. पेणची गणेशमूर्ती एका नमुन्यावरून अनेक निघते, ती साच्यामुळेच. इथेही तेच तत्त्व आहे. फरक इतकाच, की साचा सिलिकॉन रबराचा असतो आणि त्यात रेझिन ओततात. रेझिन म्हणजे दोन द्रव रसायने. ती एकत्र केली की काही मिनिटांत घट्ट होऊन टणक प्लॅस्टिक बनते.

प्रथम मूळ नमुना करावा. त्यासाठी मऊ लाकूड घ्या. सावंतवाडीची प्रसिद्ध खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची करीत, ते याच कारणाने. विमानाच्या नकाशावरून जाड पुठ्ठ्यात त्याच्या आकाराच्या खाचा कापाव्यात. लाकूड तासताना खाच त्यावर ठेवून उजेडाकडे धरावी. जिथून उजेड दिसेल तिथे लाकूड खोल गेले, जिथे खाच अडेल तिथे अजून घासायचे. नमुना काचकागदाने घासून, रंगाचे हात देऊन गुळगुळीत करावा. नमुन्यावर राहिलेला एक ओरखडा पुढच्या प्रत्येक भागावर उमटेल, हे ध्यानात ठेवा. बी वाईट तर सारे पीक वाईट.

मग नमुना मुलांच्या खेळण्याच्या क्लेमध्ये अर्धा बुडवून बसवावा. भोवती पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची चौकट करावी. चारी बाजूंनी एक सेंटिमीटर जागा सोडावी. क्लेमध्ये बोटाने चार खळगे पाडावेत, म्हणजे साच्याची दोन्ही अर्धुके नंतर अचूक बसतील. सिलिकॉन रबर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, तराजूवर तोलून मिसळावे आणि एका कोपऱ्यातून उंचावरून बारीक धारेने ओतावे. धार बारीक असली की त्यातले बुडबुडे फुटतात. रात्रभर ठेवावे.

दुसऱ्या दिवशी चौकट उलटी करून क्ले काढावी, पण नमुना रबरातच ठेवावा. उघड्या रबरावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवून दुसरा अर्धा भाग ओतावा. व्हॅसलिन विसरलात तर दोन्ही अर्धुके एकजीव होतील आणि सगळी मेहनत वाया जाईल. शेवटी नमुना काढून, रेझिन आत जाण्यासाठी एक वाट आणि हवा बाहेर पडण्यासाठी दुसरी वाट रबरात कापावी. हवेची वाट नसेल, तर नाकाच्या शेंड्यावरच पोकळी राहते.

ओतणी आणि जोडणी

साच्यात टाल्कम पावडर भुरभुरून जादाची झटकून टाकावी. पावडरीमुळे रेझिन कोपऱ्याकोपऱ्यात शिरते. साचा रबरबँडने बांधावा. बाजारात मिळणाऱ्या अनेक रेझिनांचे दोन्ही भाग समसमान लागतात, तरी डब्यावरची सूचना आधी वाचावी. सुई नसलेल्या दोन वेगळ्या सिरिंजांनी माप घ्यावे, ढवळावे आणि लगेच ओतावे. हाताशी वेळ थोडाच असतो. साचा हलकेच ठोकावा, म्हणजे बुडबुडे वर येतील.

आपल्या हवेचा विचार मात्र जरूर करा. या जातीच्या रेझिनला ओलावा चालत नाही. पावसाळी दमट हवेत डबा उघडा राहिला, तर रेझिन भाकरीसारखे फुगते आणि भाग सच्छिद्र निघतो. मे महिन्याच्या उन्हाळ्यात ते हातातच घट्ट होते. त्यामुळे आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ चांगला. पातळ पंख पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात वाकतात. ओततानाच आत एक बारीक तार घालावी. वाकलाच तर गरम पाण्यात बुडवून सरळ करावा आणि थंड पाण्यात धरावा.

तयार भाग साबणाच्या पाण्याने धुवावा, नाहीतर रंग सुटतो. खोक्यातले विमान मोजून खूण करून बारीक करवतीने कापावे. दोनदा मोजावे, एकदा कापावे. प्लॅस्टिक जोडण्याचा नेहमीचा गोंद रेझिनला धरत नाही. त्यासाठी फेविक्विक किंवा अराल्डाइटसारखा गोंद लागतो. भरीव रेझिनच्या नाकाचा एक फायदाही आहे. वजन पुढे पडल्याने विमान शेपटीवर बसत नाही, तीन चाकांवर नीट उभे राहते.

जिवाची काळजी आधी

आता सर्वांत महत्त्वाचे. आया-बहिणींनो आणि वडीलधाऱ्यांनो, हा भाग मुलांना वाचून दाखवा. रेझिनचे डबे म्हणजे रसायन आहे. फवारणीच्या औषधाबाबत जी शिस्त पाळतो, तीच इथे पाळायची. काही रेझिनांच्या वाफेने दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. म्हणून काम बंद खोलीत नको, मोकळ्या अंगणात करावे. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा हवा. स्वयंपाकघरातले पातेले, चमचा, मापाचा पेला या कामाला लावू नये. एकदा लावला तर परत घरात आणू नये. भाग घासताना पाण्यात भिजवूनच घासावा, म्हणजे धूळ छातीत जाणार नाही. उरलेले रेझिन चुलीत टाकू नये. डबे कुलपात ठेवावेत. मोठे माणूस शेजारी नसेल, तर मुलांनी हे काम करूच नये.

दुसऱ्याचे बी आपल्या पिशवीत

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. साचा करता येऊ लागला की मोह होतो. कोणीतरी महिनाभर खपून केलेला बदल-संच विकत आणायचा, त्यावरूनच साचा काढायचा आणि स्वस्तात विकायचा. दुसऱ्याच्या वाणाचे बी आपल्या पिशवीत भरून विकणाऱ्याला आपण काय म्हणतो? बोगस बियाण्याने घर कसे बसते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नमुना स्वतः कोरलेला असेल, तरच त्यावरून काढलेला भाग आपला.

आणि असा प्रामाणिक उद्योग मोठाही होतो. चेक देशात मोस्ट हा कोळशाच्या खाणींचा भाग आहे. तिथे १९८९ साली अगदी लहान प्रमाणावर सुरू झालेली एडुआर्ड ही कंपनी आज जगभर विमानांचे संच आणि बदलाचे भाग पाठवते.

हा रिकामा उद्योग आहे काय?

काही पालक म्हणतील, आता एक आसनी नॅटचेही तयार संच मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला? प्रश्न बरोबर आहे. नुसते विमान हवे असेल तर तयार आणावे. पण मिलिमीटर मोजणे, नकाशा वाचणे, प्रमाणाचे गणित, साच्याची दोन अर्धुके जुळवणे, हे खोक्यात मिळत नाही. आयटीआयमधला डाय मेकर हेच काम पोलादात करतो. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथे थ्रीडी प्रिंटरवर मूळ नमुना काढता येतो. तरी माप मुलालाच द्यावे लागते. यंत्राला वशिंड माहीत नसते!

खर्चाचे म्हणाल, तर पहिल्याच वेळी विमानाला हात घालू नका. मातीच्या बैलाचा साचा करून पाहा. सिलिकॉनऐवजी आधी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा करा आणि त्यात मेण ओता. हात बसला की मग रेझिन आणा. मूर्तिकारांना माल पुरवणाऱ्या दुकानांत ते मिळते. दोन-तीन मुलांनी मिळून आणले तर परवडते.

आणि नॅट झाल्यावर पुढचे काम कोणते? आपल्या हिंदुस्थान कारखान्याने शेतीच्या फवारणीसाठी 'बसंत' नावाचे विमान केले होते. ते १९७२ साली उडाले. शेतकऱ्यासाठी केलेले हे विमान शेतकऱ्याच्याच मुलाने घडवावे, याहून चांगले काय?

येत्या पोळ्याला पाटावर मातीची बैलजोडी बसेल, तेव्हा शेजारच्या कोनाड्यात बारा सेंटिमीटरचे एक नॅटही उभे असू द्या. पाहुण्याने विचारले, की हे कोणाचे विमान, तर मुलाने इसेवालच्या त्या जवानाची हकिकत सांगावी. आणि आजीने विमान हातात घेऊन, उलटून पालटून पाहून म्हणावे, "हो, हे मात्र आपलेच दिसते."