मेगापिक्सेल नंतर, आधी सेन्सरचे माप विचारा

कॅमेऱ्याच्या दुकानात विक्रेता पहिला आकडा सांगतो तो मेगापिक्सेलचा. मालाचे फोटो परगावच्या गिऱ्हाइकाला पाठवणारे आमचे व्यापारी व कारागीर बांधव त्याच आकड्यावर पैसे मोजून मोकळे होतात. आमच्या मते आधी विचारावे, आतल्या सेन्सरचे माप काय?

पूर्वी जिथे फिल्म असायची तिथे आता प्रकाश टिपणारी चिप असते, तोच सेन्सर. दोन साधे कॅमेरे घेऊ. कॅननचा २०१७ सालचा इक्सस १८५ खिशात मावतो आणि तो २० मेगापिक्सेलचा आहे. त्याच कंपनीचा २०१८ सालचा ईओएस ३०००डी आकाराने मोठा, पण मेगापिक्सेल १८. आकडा पाहाल तर छोटाच सरस वाटेल. मात्र इक्ससचा सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. ३०००डीचा २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, क्षेत्रफळात सुमारे बारापट!

नखाएवढ्या जागेत दोन कोटी ठिपके कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश थोडा येतो. भर उन्हात हे कळत नाही. रात्री शादीखान्यात कळते. काळ्या शेरवानीवर रंगीत कण उठतात, ते घालवण्यासाठी कॅमेरा फोटो गुळगुळीत करतो आणि त्यात जरीचे टाकेही पुसले जातात. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने म्हणूनच मोठा सेन्सर घ्यावा.

मेगापिक्सेलची गरज तरी किती? इंचाला ३०० ठिपके धरले तर ८ बाय १२ इंची फोटोला सुमारे ८६ लाख ठिपके पुरतात. दोन्ही कॅमेऱ्यांत त्याच्या दुपटीहून जास्त आहेत.

पण प्रत्येकाने मोठा सेन्सरच घ्यावा असेही नाही. खिडकीच्या उजेडात चप्पल, बांगड्या किंवा अंगठीचा फोटो काढायचा तर लहान सेन्सरवर वस्तू पुढून मागून स्पष्ट येते. मोठ्या सेन्सरवर त्यासाठी ॲपर्चर एफ ११ पर्यंत बारीक करावे लागते आणि स्टँडही लागतो.

जुना ३०००डी घेत असाल तर एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहा. काळसर डाग बहुधा धुळीचे असतात, ते साफ होतात. मग लेन्सला झाकण लावून एक फोटो काढा. काळोखात चमकणारे ठिपके बरेच दिसले, तर भाव पाडून मागा.