मतदारयादी आणि शिक्षक

विधानसभेसाठी भोर, वेल्हे (राजगड) व मुळशी हे तालुके एकाच भोर मतदारसंघात येतात. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मात्र मतदार आपल्या गटासाठी एक व पंचायत समितीच्या गणासाठी एक, अशी दोन मते देतो. पहिली निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो, दुसरी राज्य निवडणूक आयोग. तथापि यादीचे मूळ एकच आहे. विधानसभेच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्यास स्थानिक निवडणुकीतही मत नाही. आणि मतदानाच्या दिवशी हे ध्यानी आल्यास उपाय उरत नाही. म्हणून १८ वर्षे पूर्ण झालेल्यांनी नमुना ६ वेळीच भरावा, हे शिक्षकांनी डोंगरी वाड्यांतील पालकांस समजावून द्यावे. मत कोणास द्यावे, हे मात्र शिक्षकाने सांगू नये.